साठ वेळा आठ सेकंद : नेमबाजीत नव्याने आलेल्यांसाठी

नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या रविवारी कुणीतरी पालक ती गोष्ट सांगतातच. द्रोणाचार्य, झाडावरचा पोपट, आणि 'मला फक्त डोळा दिसतो' म्हणणारा अर्जुन. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीला तिच्या आजोबांनी ती इतकी रंगवून सांगितली की पोरीने पंधरा दिवस टार्गेटच्या काळ्या गोलाकडे टक लावून काढले. डोळ्यांतून पाणी यायचं आणि छर्रे कागदभर. शेवटी मी म्हटलं, "बाळा, पोपट धूसर दिसू दे."

"मग सर, नेम कशावर धरू?"

हा लेख तिच्या या प्रश्नापासूनच सुरू करतो. मी बावीस वर्षं हौसेने १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. राज्याच्या संघात एकदाही आलो नाही, आता शनिवार-रविवार नवख्यांना शिकवतो. त्यामुळे इथलं बरंचसं पिस्तुलाच्या बाजूने लिहिलंय. रायफलवाल्यांनी साईटचा भाग आपल्या डायऑप्टरला (रायफलच्या बारीक भोकाच्या मागच्या साईटला) लावून घ्यावा, बाकी सगळं तेच आहे.

आधी ठरवा, लक्ष नेमकं कशावर

'लक्ष दे' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो, पण कशावर ते कुणी सांगत नाही. पिस्तुलात डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात : जवळची बॅकसाईट, तिच्या खाचेत दिसणारी, नळीच्या टोकावरची फोरसाईट, आणि १० मीटरवरचं काळं, म्हणजे टार्गेटचा काळा गोल. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर आहेत आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. ते अंतर फोरसाईटचं ठेवायचं. तिची वरची कड सुरीच्या पात्यासारखी रेखीव दिसायला हवी. काळं धूसर, कापसाच्या बोळ्यासारखं दिसलं तरी चालेल. चालेल कशाला, तसंच दिसायला हवं.

का ते एकदा आकड्यांत बघा, म्हणजे मनातून पोपट जाईल. पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. फोरसाईट खाचेत मधोमध नसून १ मिलिमीटर एका बाजूला गेली, तर १० मीटरवर ती चूक तीसपट होते, म्हणजे छर्रा जवळजवळ ३० मिलिमीटर बाजूला. दहाच्या, म्हणजे सर्वात जास्त गुणांच्या मधल्या रिंगचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, तेव्हा दहाच्या जागी सात. याउलट साईट एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच ५ मिलिमीटर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो. दहा तरीही दहाच राहतो. माझ्या बॅचमध्ये मी हे फळ्यावर काढून दाखवतो. अकाउंटंट मंडळींना ते लगेच पटतं, मुलांना कागदावर सात लागल्यावर.

एक डोळा घट्ट मिटून नेम धरू नका, चेहरा ताणला जातो आणि अर्ध्या तासात उघडा डोळाही थकतो. दुसऱ्या डोळ्यासमोर कागदाची पट्टी लावा, दोन्ही डोळे उघडे राहू देत.

हात हलणारच

नवख्याची एकाग्रता मोडते ती बहुतेक वेळा हलणाऱ्या हातामुळे. तो बघतो की फोरसाईट थरथरते आहे, घाबरतो, थरथर थांबवायला मनगट आवळतो, थरथर वाढते. मग साईट दहावरून जाताना दिसली की 'आत्ता!' म्हणून ट्रिगर खेचतो. आम्ही याला टिपून मारणं म्हणतो. मेंदूने 'आत्ता' म्हणेपर्यंत आणि बोट हलेपर्यंत साईट कुठच्या कुठे गेलेली असते, शिवाय ट्रिगर खेचल्याने मनगटही वळतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा छर्रा मग खाली डावीकडे जातो. कागदावर खाली डावीकडे घोळका दिसला की समजायचं, साहेब टिपून मारतायत.

उपाय विचित्र वाटेल : टार्गेटचा कागद उलटा लावा. पांढरी बाजू समोर. आता टिपायला काही नाही. फोरसाईट बघायची, ट्रिगर हळूहळू सारखा दाबत राहायचा, शॉट आपोआप सुटू द्यायचा. तीस शॉट असे मारा आणि मग कागद काढून बघा. काळ्यावर मारताना पसरलेला घोळका पांढऱ्यावर लहान झालेला दिसतो. माझ्याकडे एक बँकेतून रिटायर झालेले काका येतात. पहिल्यांदा पांढऱ्यावर मारल्यावर कागद हातात घेऊन ते मला म्हणाले, "म्हणजे इतके दिवस टार्गेटच मधे येत होतं की हो!" याच्याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

आठवड्यातला एक दिवस तरी पांढऱ्यावर. जुने खेळाडूसुद्धा हे करतात, लाज वाटायचं कारण नाही.

आठ सेकंदांचा क्रम

आता मुख्य काम. एका कागदावर स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत, एक शॉट कसा मारता ते लिहून काढा. माझा कागद असा आहे (तुमचा वेगळा असेल, असावाच) :

पाय तपासले. पकड. डोळे मिटून हात उचलला, उघडले, साईट टार्गेटसमोरच आहे ना? नसेल तर हात ओढायचा नाही, मागचा पाय हलवायचा. श्वास घेत पिस्तूल काळ्याच्या वर. श्वास सोडत खाली काळ्याच्या बुडापर्यंत. अर्धा श्वास उरला की थांबला. बोट ट्रिगरवर, पहिला टप्पा (ट्रिगरचा सुरुवातीचा हलका दाब) घेतला. फोरसाईट. फोरसाईट. दाब. सुटला. अजून फोरसाईट. मग खाली.

'अजून फोरसाईट' हा फॉलो-थ्रू, शॉट सुटल्यावरही दोन सेकंद तसंच बघत राहणं. नवखे इथे हमखास कच्चे असतात, कारण कुठे लागला ते बघायची घाई. ती घाई शॉटच्या आधीच मनात शिरते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच मान वर झालेली असते.

हात स्थिरावल्यापासून शॉट सुटेपर्यंत साधारण सहा ते आठ सेकंद. दहा सेकंद झाले आणि शॉट सुटला नाही, तर पिस्तूल खाली. यावर वाद नाही. दहाच्या पुढे डोळा थकतो, साईटची जुनीच छबी डोळ्यासमोर गोठून राहते आणि सगळं छान दिसत असताना प्रत्यक्षात हात घसरलेला असतो. खांदा मागणी करू लागतो, श्वास मागणी करू लागतो, आणि मन म्हणतं, 'एवढं धरलंय तर मारून टाक.' माझे आयुष्यातले सर्वात वाईट शॉट याच वाक्यानंतर गेलेत. एका जिल्हा स्पर्धेत शेवटच्या सिरीजला (दहा शॉटची एक सिरीज) मी अकरा-बारा सेकंद धरून ठेवलं, कारण मागे ओळखीचे लोक उभे होते आणि खाली घेतलं तर 'घाबरला' म्हणतील असं वाटलं. सहा लागला. मागच्यांपैकी एकजण त्या वेळी मोबाईल बघत होता, हे नंतर कळलं.

म्हणून खाली घेण्याची वेगळी प्रॅक्टिस करा. वीस वेळा उचला, त्यातले दहा शॉट मारा आणि दहा वेळा मुद्दाम, सगळं नीट जुळून आलेलं असताना, न मारता खाली घ्या. बोट ट्रिगरमधून बाहेर, नळी टार्गेटच्याच दिशेने, मग टेबलावर. आठवडाभर हे केलं की मॅचमध्ये खाली घेणं हे हार मानणं वाटत नाही. मात्र एकाच शॉटला ओळीने तीनदा खाली घ्यावं लागलं तर चौथ्यांदा लगेच उचलू नका. पिस्तूल ठेवा, खुर्चीवर बसा, पाणी प्या.

क्रम मोडला की काय होतं

२००४, अथेन्स ऑलिंपिक. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची (नीलिंग म्हणजे गुडघा टेकून, प्रोन म्हणजे पोटावर झोपून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) फायनल. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या शॉटआधी तीन गुणांनी पुढे. साधा आठ-नऊ लागला असता तरी सुवर्ण त्याचंच. त्याने शॉट मारला आणि त्याच्या टार्गेटवर काही उमटलंच नाही. तो दोन नंबरच्या लेनवर उभा होता, गोळी तीन नंबरच्या टार्गेटवर गेली होती. शून्य गुण. पहिल्यावरून थेट आठवा, आणि सुवर्ण चीनच्या जिया झानबोला.

नंतर त्याने जे सांगितलं ते मी प्रत्येक बॅचला सांगतो. नेहमी तो आधी टार्गेटवरचा नंबर बघायचा आणि मग खाली काळ्यावर यायचा. त्या शॉटला स्वतःला शांत करण्याच्या नादात नंबर बघायचा राहिला. नीट बघा : त्याचं चित्त विचलित झालं नव्हतं, तो एकाग्रच होता, फक्त शांत होण्यावर. आणि क्रमातली एक पायरी गळली.

चार वर्षांनी बीजिंगला तोच प्रकार, तोच माणूस, शेवटचा शॉट, ३.३ गुणांची आघाडी. ६.७ लागला तरी पुरे. रायफल काळ्यावर आणत असतानाच बोट ट्रिगरला लागलं, ४.४ गेला, तो चौथा आला. (अथेन्सला त्याचं सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज कातेरिना कुर्कोव्हा पुढे त्याची बायको झाली, आणि बीजिंग ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण तिनेच घेतलं. त्याने २०१२ ला लंडनमध्ये त्याच प्रकारात ब्राँझ मिळवलं. माणूस खचला नाही एवढं खरं.)

तेव्हा 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावू नका. कागदावरची पुढची पायरी मनात म्हणा. पकड. श्वास. फोरसाईट. छाती धडधडत असेल तर धडधडू दे, तिला काही सांगायला जाऊ नका.

उरलेल्या ६७ मिनिटांचं काय करायचं

१० मीटरच्या मॅचला ६० शॉट आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं असतात. आता हिशोब करा. एका शॉटला खरी एकाग्रता लागते आठ सेकंद. साठ गुणिले आठ, ४८० सेकंद. आठ मिनिटं! सव्वा तासात फक्त आठ मिनिटं तुम्हाला मन एका जागी धरायचंय. उरलेल्या ६७ मिनिटांत ते सोडून द्यायचंय. नवख्याला वाटतं सव्वा तास दात-ओठ खाऊन एकाग्र राहायचं. तो पंचविसाव्या शॉटला रिकामा होतो आणि मग म्हणतो, 'माझी एकाग्रता कमी आहे.' एकाग्रता पुरेशी होती, ती त्याने छर्रा भरताना आणि घाम पुसताना खर्च केली.

तर शॉट झाला, पिस्तूल टेबलावर ठेवलं, की मन मोकळं सोडा. नजर जवळच ठेवा : टेबलाची कड, छर्ऱ्यांचा डबा, पायाखालची फरशी. दोन-तीन मोठे श्वास. मी मनातल्या मनात घरचा बाजार आठवतो, कोथिंबीर, लिंबं, डाळ. कुणी नामस्मरण करतं, कुणी गाण्याची ओळ. काही चालतं, दोन गोष्टी सोडून : शेजाऱ्याचा स्कोअर आणि स्वतःची बेरीज.

बेरीज हा फार चिवट किडा आहे. मॉनिटरवर टोटल दिसतच असते. 'अजून चार टेन लागले की ५५०' हा विचार डोक्यात आला की पुढचा शॉट तुम्ही फोरसाईटवर मारत नाही, ५५० वर मारता. सरावात टोटलच्या आकड्यावर कागदाचा चिटोरा चिकटवा, फक्त शॉट कुठे गेला एवढं दिसू द्या. मॅचमध्ये चिटोरा लावता येत नाही, पण नजर तिकडे न नेण्याची सवय तोवर लागलेली असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं, तेव्हा फायनलमध्ये तो नीलिंगनंतर सहावा होता, प्रोननंतर पाचवा, आणि स्टँडिंगमध्ये वर सरकला. ४५१.४ वर थांबला. नंतर बोलताना त्याने सांगितलं की स्कोअरबोर्डकडे बघितलंच नाही, श्वास सांभाळत राहिलो. आपल्याला पाचव्या नंबरवर आहोत हे कळलं असतं तर आपण काय केलं असतं, याचा विचार जरूर करावा.

शॉट सांगायला शिका

एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. शॉट सुटला की मॉनिटरकडे बघायच्या आधी तोंडाने सांगायचं, कुठे गेला. आम्ही घड्याळाची भाषा वापरतो : 'नऊ, चार वाजता', म्हणजे नऊची रिंग, खाली उजवीकडे. मग बघायचं.

सुरुवातीला काहीच जमत नाही. आठवीतली ती मुलगी प्रत्येक शॉटला 'दहा!' म्हणायची आणि मॉनिटर काहीतरी भलतंच दाखवायचा. पण शॉट सांगायचाय म्हटल्यावर सुटण्याच्या क्षणी साईट कुठे होती हे बघावंच लागतं, आणि तेच तर आपल्याला हवंय. तीन आठवड्यांनी एका सकाळी ती पुटपुटली, "सात, आठ वाजता. मनगट वळलं." मॉनिटरवर सात, आठ वाजताच. सात लागल्यावर इतकं खूश झालेलं पोर मी पहिल्यांदा बघितलं. ज्याला आपला वाईट शॉट आधी कळतो त्याच्यासाठी तो वाईट शॉट तिथेच संपतो. ज्याला मॉनिटर बघून कळतो तो पुढचे पाच शॉट 'असं कसं झालं' करत बसतो.

आणि सांगितलेलं एक, लागलेलं दुसरं, असं सारखं होत असेल तर मनाला दोष देण्याआधी साईटचे स्क्रू आणि पकड तपासून घ्या. कधी कधी बिचारं मन निर्दोष असतं.

घरी, छर्ऱ्याविना

रेंजवर जायला सगळ्यांना रोज जमत नाही. ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता मारणं, घरी रोज वीस मिनिटं. बहुतेक मॅच पिस्तुलांना ड्रायसाठी वेगळी सोय असते. नसेल तर कोचला विचारल्याशिवाय रिकामं मारू नका, आतलं खराब होतं. नळी रिकामी आहे हे स्वतः डोळ्याने बघायचं, मग दुसऱ्यांदा बघायचं, छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीत आणायचाच नाही, आणि समोर दार नसावं, भिंत असावी.

पहिला आठवडा कोऱ्या भिंतीवर. ट्रिगर दाबला जाताना फोरसाईट हलली का, एवढंच बघायचं. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर काळा ठिपका. तिसऱ्यात क्रमाचा कागद समोर ठेवून प्रत्येक पायरी ओठांत म्हणत. चौथ्यात आवाज.

आवाजाचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं. रेंजवर सामसूम असते हा गैरसमज आहे. शेजारचा तुमच्या ऐन सातव्या सेकंदाला ठाप्पकन मारतो, मागे कुणाची तरी खुर्ची सरकते, आणि मोठ्या फायनलमध्ये तर संगीत चालू असतं, प्रेक्षक प्रत्येक शॉटला ओरडतात. शांततेतच सराव केलेल्याचा तिथे निभाव लागत नाही. म्हणून घरात संध्याकाळची मालिका चालू असताना, कुकरच्या शिट्ट्या होत असताना ड्राय करा. पुण्यात राहणाऱ्यांना तर गणपतीच्या आधीचे दोन महिने ढोलपथकांची प्रॅक्टिस फुकट उपलब्ध आहे. शिट्टी ऐकू आली आणि मन गेलं, तर चिडायचं नाही, शॉट मारायचाही नाही. खाली घ्यायचं, पहिल्या पायरीपासून पुन्हा. मन जाणारच. ते गेलंय हे किती लवकर लक्षात येतं, तेवढंच आपल्या हातात.

त्राटक करू का, असं हमखास विचारतात. करा की, बसून श्वास मोजण्याचाही उपयोग होतो, मन परत आणायची सवय लागते. पण त्राटक करून ट्रिगर सुधारत नाही. दिवसात वीसच मिनिटं असतील तर मी मेणबत्तीऐवजी पिस्तूल हातात घेईन.

चहा, झोप, गोळ्या

थोडक्यात. सरावाच्या किंवा मॅचच्या तासभर आधी दोन-दोन कप चहा-कॉफी नको, हात सांगतो. सवयच असेल तर नेहमीचा एक कप घ्या, मॅचच्या दिवशी अचानक सोडू नका, डोकं दुखतं. भरपेट जेवण नको, उपाशीही नको. पोहे, केळं, पाणी. आदल्या रात्रीची झोप उडाली तरी जीव टांगणीला लावू नका, त्याच्या आदल्या रात्रीची झोप सांभाळा.

एक गोष्ट गंभीरपणे. हात स्थिर राहावा म्हणून कुणी 'एक गोळी घे' असं सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा. बीटा-ब्लॉकर वर्गातली औषधं नेमबाजीत बंदी घातलेली आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच वर्गातल्या प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली गेली. पण रक्तदाबासाठी डॉक्टरांनीच अशी गोळी दिलेली असते, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्यांना. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्पर्धेत उतरायच्या आधी डॉक्टरांना सांगा की मी नेमबाजी करतो, आणि कोचलाही कल्पना द्या.

पहिली मॅच

मॅच सुरू व्हायच्या आधी तयारी आणि साईटर मिळून १५ मिनिटं मिळतात. साईटर शॉट मोजले जात नाहीत, हवे तितके मारा. नवखे तिथे दहा-दहा शोधत दमून जातात. साईटर दोन कामांसाठी वापरा : उजेड वेगळा असेल तर साईट सारखी करणे, आणि क्रम अंगात आणणे. घोळका एका जागी येतोय असं दिसलं की थांबा, शेवटची तीन मिनिटं खुर्चीत बसा.

पहिल्या शॉटला पाय थरथरतील. सगळ्यांचे थरथरतात, शेजारी उभा असलेल्या राष्ट्रीय खेळाडूचेही. पहिला शॉट लगेच मारायचा नियम कुठे नाही. मी पहिल्यांदा उचलतो ते खाली घेण्यासाठीच, हे मनाशी आधीच ठरवलेलं असतं. दुसऱ्यांदा उचलतो तेव्हा थोडं हलकं वाटतं.

मधे एखादी सिरीज कोसळली, ओळीने तीन आठ गेले, तर घड्याळ बघा. ७५ मिनिटांत ६० शॉट म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. तुम्ही साधारण ४५-५० सेकंदांना एक मारत असाल, तर तुमच्याकडे बसायला चांगला वेळ आहे. पाच मिनिटं मागे बसा, मग आपल्या जागेवर परत येऊन आधी दोन-तीन ड्राय मारा. घाईने भरपाई करायला गेलेला एकही नवखा मला भरपाई करून आलेला आठवत नाही.

मॅच झाल्यावर फोन उघडायच्या आधी वही उघडा. स्कोअर लिहू नका, तो निकालाच्या कागदावर असतोच. कोणत्या शॉटला मन कुठे होतं ते लिहा, आठवेल तेवढं. बँकेतल्या काकांनी त्यांच्या पहिल्या क्लब मॅचनंतर लिहिलेलं पान त्यांच्या परवानगीने इथे देतो :

'शॉट १. पाय लटपट. दोनदा खाली. ८, सांगितला होता ९.
शॉट १४. शेजारचा खोकला. माझा श्वास पण अडकला. तरी मारला. मारायला नको होता.
शॉट २२ ते ३०. काही आठवत नाही. म्हणजे बहुतेक बरं चाललं होतं.
शॉट ३७. चार वेळा खाली घेतलं. मधे बसून पाणी प्यालो. मागे कोणीतरी हसलं. ९, सांगितला ९.
शॉट ६०. बेरीज करत होतो. ५.'